मायचं पुस्तकाशी भांडण

माझी माय साठी उलटल्यावर वाचायला शिकली. शिकताना तिनं पुस्तकाशी भांडण काढलं आणि ते ती जिंकली, असं मी म्हणते. तिच्या निकालाच्या कागदावर तसं लिहिलेलं नाही. पण त्या कागदावर कुणाची तरी सही आहे म्हणून मी माझं म्हणणं बदलणार नाही.

आधी माझं सांगते, कारण सुरुवातीला या भांडणात मी पुस्तकाच्या बाजूनं होते.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, चौसाळ्यापासून जवळ. मी सातवीत असताना वडील गेले. माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि मला शाळेत पाठवायची. आमच्या घरात सगळे पानी प्यायचे, इहिरीवर पोहायचे, येळ झाली की जेवायचे. त्यात काही चुकतंय हे बारावीपर्यंत मला ठाऊक नव्हतं. मग डी.एड.ला अंबाजोगाईत नंबर लागला आणि ठाऊक झालं.

पहिलीच्या वर्गावर माझा सरावपाठ होता. अक्षर होतं 'ण'. फळ्यावर मी रंगीत खडूनं बाण काढला, चांगला काढला. पोरांना विचारलं, हे काय आहे, आणि माझं मीच उत्तर दिलं, "बान." पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, बान नाही, बाण." सगळा वर्ग हसला. मागं बसून पाठ बघणाऱ्या मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, 'उच्चार सदोष.' त्या दिवशी मेसमध्ये शेजारी बसलेली मुलगी भाजी वाढून घेता घेता सहज म्हणाली, "तुमच्या लोकांना ण येतच नाही ना."

तुमच्या लोकांना म्हणजे कोणत्या, ते ती बोलली नाही. आम्ही बौद्ध आहोत हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या गावचा पाटीलसुद्धा पानीच पितो, पण त्याला कुणी 'तुमचे लोक' म्हणत नाही. हे उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोलले नसते.

बोलायच्या ऐवजी मी ण शिकले. जिभेचं टोक मागं वळवायचं, टाळूला लावायचं आणि सोडायचं. होस्टेलच्या टाकीवर धुणं धुताना मी पुटपुटत राहायची : पाणी, लोणी, कोण, शेण. महिनाभरात ण आला. वेळ आली, विहीर आली, आहे आणि नाही आले. सुट्टीत घरी गेले तेव्हा माय दोन दिवस माझ्याकडं बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पावन्यासारखी बोलायलीस गं."

पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि जे माझ्यावर झालं होतं ते वीस वर्षं पोरांवर केलं. मारलं नाही कधी. पण पोरगं पानी म्हणालं की मी थांबायची. "काय?" "पानी." "काय?" "पानी, बाई." बाकीची पोरं ओरडायची, "पाणी! पाणी!" आणि ते पोरगं लाल व्हायचं. एक पोरगी होती, तिनं पाणी मागायचंच सोडलं. तहान लागली की उठून उभी राहायची आणि माठाकडं बोट करायची. मी तिला जाऊ द्यायची आणि मनात म्हणायची, मुलगी अबोल आहे. ती अबोल नव्हती. तिला मी गप्प केलं होतं. हे कळायला मला माझ्या मायलाच विद्यार्थिनी करावं लागलं.

झालं असं की माझी बदली माझ्याच माहेरच्या गावात झाली आणि त्याच वर्षी आदेश आला, की शिक्षकांनी गावातले निरक्षर शोधायचे, त्यांना शिकवायचं आणि परीक्षेला बसवायचं. माझ्या यादीत पाच बाया होत्या. सहावी माय.

"मला कावून शिकवायलीस?" माय म्हणाली. "आता काय मला मामलेदार व्हायचंय?"

"माय, यादी पूर्ण झाली नाही तर मला नोटीस येईल."

"मंग येते," ती म्हणाली. "पर तुझ्या नोटिशीसाठी. मला गरज न्हाई."

शाळा सुटली की व्हरांड्यात वर्ग भरायचा. मायनं पंधरा दिवसांत सगळी अक्षरं ओळखली. कुठलंही दाखवा, सांगायची. पण शब्द वाचता येईना. पुस्तकात नळाचं चित्र आणि खाली 'नळ'. मी चित्रावर हात ठेवायची.

"हे कोणतं अक्षर?"

"न."

"आणि हे?"

"ळ."

"जोडून म्हण."

"नऽ ळऽ."

"अगं, जोडून."

"जोडलं की. नऽळऽ. असल्या नावाची वस्तू मी तरी बघितली न्हाई."

मी हात काढला आणि तिनं चित्र बघितलं. "नळ व्हय? मंग तसं लिवा की. ह्या नऽ आन ळऽ मधी नळ कुठंय?"

मी वैतागले. वीस वर्षं पहिलीला शिकवलं, पण कुठल्याच पोरानं मला हे विचारलं नव्हतं. पोरं मुकाट्यानं पाठ करतात. मायचा प्रश्न खरा होता. आपण न आणि ळ सुटे म्हणतो तेव्हा दोन्हीच्या शेवटी अ लांबवतो. शब्दात मात्र ळ पुरा म्हणत नाही, अर्ध्यात सोडतो. हे आपण कुणाला सांगत नाही, कारण आपल्यालाच कधी ऐकू आलेलं नसतं.

खरं भांडण विहिरीवरून झालं. चित्र होतं, खाली शब्द होता. मायनं चित्र बघितलं आणि जोरात म्हणाली, "इहीर!"

"माय, पहिलं अक्षर बघ. वि. विहीर."

"आन चित्रात काय हाय?"

"विहीर."

"तू ल्हानपनी जिच्यात बुडता बुडता वाचलीस, ती काय व्हती?"

बाकीच्या बाया माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी म्हणाले, "इहीर."

"मंग तुझ्या पुस्तकाला सांग," माय म्हणाली. तिनं पुस्तक मिटलं, पदर खांद्यावर घेतला आणि उठली. "तुमच्या इहिरीत माझं पानी न्हाई. मी न्हाई येत उद्यापासून."

ती खरंच आली नाही. घरी माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण वर्गाचं नाव काढलं की चुलीकडं वळायची.

आठ-दहा दिवसांनी पौर्णिमा होती. पौर्णिमेला संध्याकाळी आमच्या विहारात सगळे जमतात आणि वंदना म्हणतात. बायांच्या बाजूला माय पुढं असते, तिनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून. मी लहानपणापासून हे ऐकत आले होते, म्हणून कधी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी मी तिच्या अगदी शेजारी बसले होते. ती 'बुद्धं सरणं गच्छामि'तलं 'सरणं' म्हणाली.

मी डोळे उघडले. पुन्हा तो शब्द आला, पुन्हा ण. स्वच्छ, टाळूवरचा, मी टाकीवर महिनाभर घासून मिळवला तसा. माय तो लहानपणापासून म्हणत होती. धर्म स्वीकारलेल्या पहिल्या पिढीतले एक म्हातारे बाबा पोरापोरींना बसवून वंदना शिकवायचे, आणि एक जरी आवाज इकडचा तिकडं झाला तरी परत पहिल्यापासून म्हणायला लावायचे. तिनं कानानं शिकलं होतं, अक्षर न बघता.

तुमच्या लोकांना ण येतच नाही, म्हणे.

वंदना संपल्यावर मी विहारातली पातळ पुस्तिका घेतली आणि तिथंच तिच्यासमोर उघडली. म्हणाले, "माय, पुस्तकाचं राहू दे. तू नुसती म्हण, आणि बोट ह्याच्यावरून सरकव."

"परत तेच?"

"एकदा."

तिनं माझ्यासाठी म्हणून सुरुवात केली. तोंड पुढं पळायचं, बोट मागं राहायचं. चार-पाच वेळा असं झालं. मग एका ठिकाणी बोट थांबलं. "स," ती म्हणाली. पुढं सरकली. "र." पुढं. "णं." आणि मान वर केली. "हे सरणं हाय."

"हो."

"स, र, णं. सरणं." तिनं परत बोट ठेवलं, परत म्हटलं. "ह्याच्यात काय गिळलं न्हाई. जेवढं बोलायचं तेवढंच लिवलंय."

मी पहिलीला शिकवणारी बाई, पण हे माझ्या आधी तिनं ओळखलं. वंदना पाली भाषेत असते, आणि पालीत प्रत्येक अक्षर पुरं म्हणतात. नळातल्या ळसारखं काही अर्ध्यात सोडत नाहीत. आणि शब्द आधीच तिच्या तोंडात होते. तिला फक्त एवढंच बघायचं होतं, की तोंडातला कोणता आवाज कागदावर कुठं बसलाय. विहारात झाडलोट करणारी बाई कुलपाची किल्ली घेऊन दारात उभी राहिली तरी माय उठेना. एकेका शब्दावर बोट ठेवून विचारत होती आणि माझ्या आधी तीच उत्तर देत होती.

दुसऱ्या दिवशी ती वर्गावर आली ती हुकूम घेऊनच. "आधी आपलं बोलनं लिव. मंग तुझं पुस्तक."

मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापल्या आणि त्यांच्यावर लिहिलं : पानी. इहीर. येळ. भाकर. न्हाई. खडू हातात आल्यापासून असलं काही मी लिहिलं नव्हतं. खोटं नाही सांगत, कुणी बघितलं तर, असं वाटलं. पण बायांनी वाचलं. मायनंच नाही, सहाही जणींनी. 'पानी' तर ओरडून वाचलं. 'भाकर'पाशी माय क्षणभर थांबली आणि मग हसली. "शेवटचा र गिळायचा. नळासारखा. आपन बोलताना लई गिळतो गं."

मग मी दुसऱ्या पत्रिकेवर 'विहीर' लिहून ती इहिरीशेजारी ठेवली. मायनं दोन्हीकडं बघितलं.

"ही तीच का?"

"तीच."

"शाळेत गेलेली दिसतीय," माय म्हणाली, आणि व्हरांड्यात हसण्याचा जो आवाज झाला तो मी त्या शाळेत आधी ऐकला नव्हता. त्या दिवसापासून पुस्तकातले शब्द भराभर येऊ लागले. वेळ म्हणजे शाळेत गेलेली येळ. पाणी म्हणजे शाळेत गेलेलं पानी. लिहायचं पुस्तकातल्यासारखं, हे तिला मान्य होतं. "सगळ्याला वाचता आलं पायजे तर येका रीतीनं लिवावं लागतंय," असं तिनं स्वतःच बाकीच्यांना समजावलं. पण वाचताना तोंड तिचं होतं.

परीक्षेच्या दिवशी बाया न्हाऊन, इस्त्रीची लुगडी नेसून आल्या. लेखी पेपर होता, त्याआधी वाचनाची तोंडी चाचणी. दुसऱ्या शाळेचे एक सर परीक्षक म्हणून आले होते. माझी माय परीक्षेला बसलेली, म्हणून मला वर्गात काम नव्हतं. मी दाराबाहेर पाण्याच्या जारजवळ उभी होते.

मायला त्यांनी चार ओळींचा उतारा दिला. तिनं चष्मा लावला, कागद लांब धरला आणि वाचलं, "गावात येक जुनी इहीर हाय. तिचं पानी ग्वाड हाय."

"आजी," सर म्हणाले, "जे लिहिलंय ते वाचा. मनाचं नका सांगू."

"लिवलंय तेच वाचले."

"इथं इहीर कुठं लिहिलंय? पाठ करून आलात का? कुणी पाठ करून घेतलं?"

हे बोलताना त्यांनी दाराकडं बघितलं. मायनंही बघितलं, आणि मग कागद टेबलावर ठेवला. "सर, तुमी लिवा. तुमच्या मनचं. मी वाचते."

सरांनी पेन काढलं. लिहिताना ते थोडं हसत होते. मायनं कागद उचलला. "आमच्या शाळंच्या मागं इहीर न्हाई," ती वाचत गेली, "म्हनून मुलं घरून पानी आनतेत."

त्यांनी लिहिलेलं होतं, 'आमच्या शाळेच्या मागे विहीर नाही, म्हणून मुले घरून पाणी आणतात.' एक शब्द सुटला नव्हता. पण सरांनी मान हलवली. "उच्चार चुकतोय. वि म्हणा. विहीर."

"मला वि येतंय," माय म्हणाली. "विहार म्हनते की मी. सरणं बी म्हनते. ऐका, सरणं. पर इहिरीला मी इहीरच म्हननार."

"मग हे वाचन धरता येणार नाही."

मी आत गेले. जायला नको होतं, नियम होता. पण गेले. "सर," मी म्हणाले, "त्या वाचायल्यात. तुमी ऐकायले न्हाईत."

शाळेच्या भिंतींमध्ये वीस वर्षांत माझ्या तोंडून असं वाक्य निघालं नव्हतं. ठरवून काढलंही नव्हतं, आतून तसंच आलं.

"मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात," सर म्हणाले.

"हाय ना. म्हनूनच सांगते. अक्षर बघून नुसता आवाज काढणारी पोरं माझ्या वर्गात ढीगभर आहेत. विऽहीऽर म्हणतात आणि विहीर म्हणजे काय ते त्यांना कळत नाही. त्यांना आपण पास करतो. ह्यांनी वि बघितला आणि तोंडातून इहीर आलं. म्हणजे वि पासून इहिरीपर्यंत त्या डोक्यातून जाऊन आल्या. कळल्याशिवाय हे जमत नाही. ह्याला वाचन म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात?"

वाईट माणूस नव्हते ते. त्यांच्या हातात तक्ता होता आणि तक्त्यात 'स्पष्ट व शुद्ध उच्चार' असा रकाना होता, एवढंच. रकान्यात फुली पडली. माझ्याबद्दल वर कळवलं गेलं आणि माझ्याकडं खुलासा मागितला. चाचणीत व्यत्यय आणला, हे मी मान्य केलं. बाकी एका पानाच्या खुलाशात मी वर सांगितलं तेच लिहिलं, शुद्धलेखनाची एकही चूक न करता. त्यावर पुढं काही आलं नाही. माझ्या सेवापुस्तकात नोंद आहे का, मी विचारायला गेले नाही.

निकाल आला तो मी घरी नेला. मायनं तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. तिच्या नावापुढं शब्द होते, 'सुधारणा आवश्यक'.

"कुनाची?" तिनं विचारलं.

परत बसायची संधी होती. ती बसली नाही. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा तिनं हात जोडले. "मी वाचायला शिकले, पोरी. पास व्हायला न्हाई." आता दुपारी ती विहाराच्या ओट्यावर बायांना पेपर वाचून दाखवते. तिच्या डोळ्यांच्या तपासणीला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात गेलो तेव्हा तिनं मला हाताला धरून नेलं. पाट्या ती वाचत होती, मोठ्यानं, तिच्या आवाजात. रांगेतली माणसं वळून बघत होती. मला पूर्वी लाज वाटली असती.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की गावानं टाळ्या वाजवल्या. तसं नाही. सगळ्यात जास्त लागलं ते आमच्याच वस्तीतल्या एका मुलीच्या वडिलांचं बोलणं. ते बीडला नोकरीला आहेत, मुलगी माझ्याकडं दुसरीत होती. एक दिवस वर्गाबाहेर थांबले.

"मॅडम, माझी मुलगी घरी पाणी म्हणते आणि तुमच्या वर्गातून पानी शिकून येते."

"मी शिकवत नाही. पोरं म्हणतात, मी थांबवत नाही."

"तेच की. आपण शिकलो कशासाठी? माझ्या वडिलांना ज्या भाषेनं हाडहूड केलं ती मी शिकलो, त्यांच्यापेक्षा चांगली शिकलो. उद्या मुलाखतीत हिला हसले तर?"

त्यांचं खोटं नव्हतं. टाकीवर धुणं धुणारी मी त्यांच्याच बाजूनं उभी होते इतकी वर्षं. मी म्हणाले, "हिला पाणी म्हणता येईल, सर. लिहिता येईल, कुठं काय बोलायचं तेही कळेल. ते मी शिकवते. फक्त पानी म्हणण्याबद्दल हिनं मान खाली घालायची, हे मी शिकवणार नाही."

"हसणारे हसणारच."

"हसू द्या. वीस वर्षं मी त्यांच्यासाठी तोंड वाकडं केलं. आता एखाद्या वेळी त्यांनी कान सरळ करावेत."

त्यांना पटलं नाही. जूनमध्ये त्यांनी मुलीला बीडच्या इंग्रजी शाळेत घातलं. हुशार मुलगी होती, मला वाईट वाटलं. तिच्या बाकावर आता दुसरी बसते.

मी मात्र परत फिरले नाही. माझ्या वर्गात ज्याला तहान लागते तो तोंडानं पाणी मागतो, जसं येईल तसं. पहिलीला अक्षरं द्यायच्या आधी आम्ही आठवडेच्या आठवडे नुसते आवाज ऐकतो. कोणता शब्द कुठं तुटतो, कोणता आवाज गिळला, भाकरीतल्या 'भ'ला ओठ कसे मिटतात. पोरं एकमेकांच्या तोंडात वाकून बघतात. वर्गात फार गोंगाट होतो आणि शेजारच्या वर्गाचे सर कुरकुर करतात.

पुढच्या आठवड्यात वाचनाची तपासणी आहे. 'विद्यार्थ्यांच्या उच्चारांचा सराव करून घ्यावा' असा निरोप मोबाईलवर आलाय. मी तो वाचला. पोरांना मी एवढंच सांगितलंय, की साहेब आले तर घाबरायचं नाही, पुटपुटायचं नाही. मोठ्यानं वाचायचं.